विरळ हवेतला श्वास : याकचे फुप्फुस वयानुसार कसे घडते?

मैदानी गाय ज्या उंचीवर आजारी पडते, त्या उंचीवर याक जन्मतो, वाढतो आणि वीस वर्षांचे आयुष्य काढतो. या सामर्थ्याचे मर्म त्याच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत आहे. गर्भावस्थेपासून प्रौढपणापर्यंत हे फुप्फुस कसे घडत जाते आणि आज त्या वारशापुढे कोणते संकट उभे आहे, याचा हा वेध.

मुंबईहून किंवा पुण्याहून सकाळी निघालेला प्रवासी विमानाने त्याच दिवशी लेहला उतरतो, तेव्हा तो समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आलेला असतो. सामान उचलून वीस पावले चालताच त्याला धाप लागते. डोके जड होते, रात्री झोप मोडते. 'पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या', हा सल्ला त्याला प्रत्येक जण देतो. पुढे तोच प्रवासी चांगथांगच्या पठारावर, आणखी सुमारे हजार मीटर वर जातो. तेथे पोटाखाली लोंबणारी दाट लोकर मिरवीत याकांचा कळप संथपणे चरत असतो. त्याच विरळ हवेत, पाठीवर ओझे घेऊन चढ चढतानाही या जनावराची चाल ढळत नाही.

मराठी माणसाला याक दूरचा वाटला तरी तो अगदीच अनोळखी नाही. देवावर ढाळली जाणारी पांढरी चवरी परंपरेने याच प्राण्याच्या, म्हणजे चमरीच्या, शेपटीच्या केसांपासून बनते. कालिदासाने 'कुमारसंभवा'त हिमालयाचे वर्णन करताना चमरींचा उल्लेख केला आहे. या केसांचे कौतुक शतकानुशतके झाले. त्या जनावराच्या छातीच्या पिंजऱ्यात काय दडले आहे, याचा उलगडा मात्र गेल्या काही दशकांतच होऊ लागला.

हवा तीच, दाब कमी

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते प्रमाण समुद्रकिनारी असते तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के राहते. कमी होतो तो हवेचा एकूण दाब. लेहच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, तर ५,५०० मीटरवर निम्म्यावर येतो. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासासरशी फुप्फुसात शिरणारे प्राणवायूचे रेणूही कमी. याक साधारणपणे ३,००० ते ५,५०० मीटरच्या पट्ट्यात वावरतो. गाईच्या जवळच्या नात्यातील हा प्राणी तेथे कसा तगतो, हा प्रश्न म्हणूनच शास्त्रज्ञांना आकर्षित करीत आला.

याकच्या शरीरातील काही सोयी नजरेत भरण्याजोग्या आहेत. गाईला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, याकला १४ ते १५. त्यामुळे छातीचा पिंजरा ऐसपैस होतो. श्वासनलिका आखूड व रुंद असते. शरीराच्या मानाने हृदय आणि फुप्फुसे मोठी असतात. रक्तातील तांबड्या पेशी आकाराने लहान, पण संख्येने विपुल असतात. मात्र केवळ मोठ्या भात्यावर ही लढाई जिंकता येत नाही. खरा प्रश्न आहे तो फुप्फुसातील रक्तप्रवाहाचा.

पाटकऱ्याची चूक

फुप्फुसातील धमन्यांना एक विलक्षण सवय असते. शरीरातील इतर रक्तवाहिन्या प्राणवायू कमी पडला की रुंदावतात. फुप्फुसातील धमन्या मात्र आकसतात. स्वीडनमधील शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांतून ही गोष्ट स्पष्टपणे दाखवून दिली.

सपाटीवर ही सवय हिताची ठरते. न्यूमोनियामुळे फुप्फुसाचा एखादा भाग निकामी झाला, तर तिकडे रक्त पाठवणे व्यर्थ असते. शेतात एखादा वाफा खडकाळ निघाला की पाटकरी त्याचे दार बुजवतो आणि पाणी चांगल्या वाफ्यांकडे वळवतो, तसाच हा प्रकार. परंतु उंच पठारावर प्राणवायू फुप्फुसाच्या प्रत्येक कोपऱ्यात कमीच असतो. पाटकऱ्याला सगळेच वाफे खडकाळ दिसू लागतात आणि तो एकामागून एक सगळीच दारे बुजवत सुटतो. पाण्याला जायला वाट उरत नाही आणि पाटातील दाब वाढत जातो.

फुप्फुसात असे घडले की हृदयाच्या उजव्या कप्प्याला अधिक जोराने रक्त ढकलावे लागते. तो कप्पा आधी जाड होतो, पुढे थकतो आणि अखेरीस हात टेकतो. गाईच्या फुप्फुसातील धमन्यांच्या भिंतीत मुळातच स्नायूंचा थर जाड असतो. त्यामुळे उंचावर तिची अवस्था विशेष बिकट होते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डोंगराळ भागातील पशुपालकांना याचा जुना अनुभव आहे. तेथे उंचावर नेलेल्या काही गाईगुरांच्या छातीच्या पुढल्या भागात आणि गळ्याखालच्या पोळीत पाणी साठते, पोट फुगते आणि जनावर दगावते. १९१५ साली या रोगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. सूज छातीवर दिसत असली, तरी रोगाचे मूळ फुप्फुसातील वाढलेल्या रक्तदाबात आहे, हे पुढील संशोधनातून उमगले. खाली उतरवले तर पुष्कळदा जनावर सावरते.

वय या बाबतीत निर्णायक ठरते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाईची नवजात वासरे सुमारे ४,३०० मीटर उंचीइतक्या विरळ हवेत ठेवण्यात आली. अवघ्या दोन आठवड्यांत त्यांच्या फुप्फुसातील रक्तदाब धोकादायक पातळीला पोहोचला आणि धमन्यांच्या भिंती जाड झाल्या. याच उंचीवर याकची वासरे आईमागे दुडक्या चालीने फिरत असतात. तेव्हा फरक नेमका कुठे पडतो, हे पाहण्यासाठी याकच्या आयुष्याची सुरुवात तपासावी लागते.

गर्भातील देवाणघेवाण

याकची मादी, जिला तिबेटी भाषेत 'द्री' म्हणतात, सुमारे २५८ दिवस गाभण राहते. हा काळ गाईपेक्षा जवळजवळ तीन आठवड्यांनी कमी आहे. गर्भ स्वतः श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि त्याला मिळणारा सर्व प्राणवायू वारेतून, आईच्या रक्तातून येतो. आईच जर विरळ हवेत असेल, तर बाळाच्या वाट्याला काय येणार?

येथे रक्तातील हिमोग्लोबिन कामी येते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याकच्या गर्भातील आणि प्रौढातील हिमोग्लोबिनची तुलना करण्यात आली. प्रौढ याकच्या हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची ओढ मैदानी गाईपेक्षा अधिक असते आणि गर्भातील हिमोग्लोबिनची ओढ त्याहूनही अधिक. हवेकडून आईकडे आणि आईकडून बाळाकडे, अशी जणू पायऱ्यांची उतरंडच तयार होते. प्रत्येक पायरीवर घेणाऱ्याची पकड देणाऱ्यापेक्षा घट्ट असल्याने तुटपुंज्या प्राणवायूतूनही गर्भाची गरज भागते. जन्मानंतरच्या काही महिन्यांत गर्भातील हे हिमोग्लोबिन हळूहळू ओसरते आणि त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते.

पहिला श्वास, पहिली कसोटी

कोणत्याही सस्तन प्राण्याच्या आयुष्यातील सर्वांत नाट्यमय क्षण जन्माचा. गर्भात फुप्फुसाच्या धमन्या जाड आणि आकसलेल्या असतात, कारण तेथे फारसे रक्त जाण्याची गरजच नसते. पहिल्या श्वासाबरोबर हवा आत शिरते, प्राणवायूचा दाब वाढतो, धमन्या उघडतात आणि हृदयाने बाहेर टाकलेले रक्त प्रथमच पूर्णपणे फुप्फुसातून वाहू लागते. पुढील दिवसांत आणि आठवड्यांत धमन्यांच्या भिंती पातळ होत जातात.

हे स्थित्यंतर प्राणवायूच्या इशाऱ्यावर चालते. विरळ हवेत तो इशाराच क्षीण असतो. म्हणून मैदानी गाईचे वासरू या टप्प्यावर अडखळते आणि त्याच्या धमन्या गर्भातल्यासारख्याच जाड राहतात, किंबहुना अधिक जाड होतात. याकचे वासरू मात्र क्षीण इशाऱ्यावरही हा उंबरठा ओलांडते. तसे झाले नसते, तर प्रौढ याकच्या धमन्या इतक्या पातळ आढळल्या नसत्या.

याकची वासरे प्रामुख्याने वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी जन्मतात. जन्मतः त्यांचे वजन साधारण १० ते १६ किलो असते. थंडी ओसरलेली नसते आणि गवत नुकते फुटू लागलेले असते. थोड्याच वेळात पायांवर उभे राहून कळपाबरोबर चालू लागणे हा तेथे जगण्याचा नियम आहे. श्वासासाठी धडपडणाऱ्या वासराला तो पाळता येणार नाही.

वाढत्या वयाचे फुप्फुस

जन्मासरशी फुप्फुस पूर्ण होत नाही. मानवी बालकाचे बहुतांश वायुकोश जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात. गाय, मेंढी, याक यांसारख्या प्राण्यांची पिल्ले त्या मानाने अधिक सिद्ध फुप्फुस घेऊन जन्मतात, तरी त्यांच्याही वायुकोशांची वाढ आणि विभागणी पुढे चालू राहते.

वायुकोश म्हणजे श्वासनलिकेच्या सूक्ष्म फांद्यांच्या टोकाला असलेल्या इवल्याशा पिशव्या. प्राणवायू रक्तात शिरतो तो त्यांच्या भिंतीतून. ही देवाणघेवाण दोन गोष्टींवर ठरते. पृष्ठभाग जितका मोठा आणि हवा व रक्त यांमधला पडदा जितका पातळ, तितका प्राणवायू जलद पलीकडे जातो. मोठ्या खोलीत मधे भिंती घातल्या की भिंतींचे एकूण क्षेत्रफळ वाढते. मोठ्या पिशवीचे लहान पिशव्यांत विभाजन झाले की तोच लाभ फुप्फुसाला मिळतो.

चीनमधील पशुवैद्यक संशोधकांनी छिंगहाय-तिबेट पठारावरील नवजात, तरुण आणि प्रौढ याकांच्या फुप्फुसांचे सूक्ष्मदर्शकाखाली अध्ययन केले आहे. वयानुसार वायुकोशांची रचना, त्यांमधील पडदे, केशवाहिन्यांचे जाळे, लवचिक तंतू आणि लहान धमन्यांच्या भिंती कशा बदलतात, याचे मोजमाप अशा अभ्यासांत केले जाते. त्यातून उभे राहणारे चित्र हळूहळू घडत जाणाऱ्या अवयवाचे आहे. वासराचे फुप्फुस ही प्रौढ फुप्फुसाची निव्वळ लहान प्रतिकृती नसते. वाढीबरोबर श्वसनाचा पृष्ठभाग विस्तारतो, पडद्यांमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि लवचिक तंतूंची चौकट बळकट होते. वयोगटांनुसार फुप्फुसातील कोणती जनुके अधिक सक्रिय असतात, याचीही तुलना अलीकडे केली जात आहे.

प्रौढ याकच्या धमन्यांचे वर्णन ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ डोनल्ड हीथ आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली केले. या धमन्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्यांत स्नायू अल्प असतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धमन्यांच्या आतील अस्तराच्या पेशीही निराळ्या आढळल्या. गाईच्या तुलनेत त्या लांब, रुंद आणि गोलसर असतात. हेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते आणि हा वायू धमन्यांना सैल ठेवतो. याकच्या फुप्फुसातील रक्तदाब कमी राहण्यात त्याचा वाटा असल्याचे प्रयोगांतून दिसते. पाटकऱ्याच्या दृष्टांतात बोलायचे, तर याकच्या पाटावरची दारेच हलकी आहेत आणि पाटकरी संयमी आहे.

वारसा की सवय?

हे गुण उंचावर राहून अंगवळणी पडलेले आहेत, की रक्तातून आलेले? याचे उत्तर हिमालयातील एका जुन्या प्रथेने दिले. लडाखमध्ये याक आणि गाय यांचा संकर पूर्वापार केला जातो. या संकरातून जन्मणारा नर म्हणजे 'झो' आणि मादी 'झोमो'. झो नांगराला व ओझ्याला उत्तम, परंतु वांझ असतो. झोमो मात्र विते. तिचा पुन्हा बैलाशी संकर केला की होणाऱ्या संततीला 'स्तोल' म्हणतात.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञ इंदर आनंद, ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी याक, गाय, झो आणि स्तोल यांच्या फुप्फुसातील रक्तदाब मोजून १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. याकचा रक्तप्रवाह सुरळीत होता. झो याकसारखाच निघाला. स्तोल मात्र दोन गटांत विभागले गेले. काहींचे फुप्फुस याकसारखे वागत होते, काहींचे गाईसारखे. ही विभागणी प्रभावी जनुकीय गुणाशी जुळणारी होती. धमन्यांचा हा संयम आनुवंशिक आहे आणि संकराच्या दुसऱ्या पिढीपासून तो निसटू लागतो, हे त्यातून दिसले.

२०१२ साली याकचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. प्राणवायूच्या कमतरतेशी आणि ऊर्जेच्या वापराशी संबंधित काही जनुकांवर निसर्गाच्या निवडीचा ठसा त्यात दिसला. २०२२ साली याकच्या फुप्फुसातील पेशींची एकेक करून तपासणी करणाऱ्या संशोधकांना रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील एक असा पेशीप्रकार आढळला, जो गाईच्या फुप्फुसात दिसत नाही. वारसा आणि वाढ यांची सांगड येथे नेमकी कळते. आराखडा जन्माआधीच ठरलेला असतो. त्यावरची इमारत मात्र वासरूपणापासून प्रौढपणापर्यंत उभी राहते.

माणसाच्या छातीत डोकावताना

या संशोधनाचे मोल गोठ्यापुरते मर्यादित नाही. १९८८ साली ल्हासा येथील बालकांतील एका प्राणघातक व्याधीचे वर्णन प्रसिद्ध झाले. सखल प्रदेशातून तेथे आणलेल्या तान्ह्या मुलांच्या फुप्फुस-धमन्या जाड होऊन हृदयाचा उजवा कप्पा निकामी होत होता. कोलोरॅडोतील गुरांच्या रोगाशी तिचे साम्य लक्षणीय होते. इंदर आनंद व सहकाऱ्यांनी १९९० साली अशाच स्वरूपाचा विकार २१ भारतीय जवानांत नोंदवला. हे जवान ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर प्रदीर्घ काळ तैनात होते. खाली आणल्यावर ते बरे झाले. उलट ल्हासा येथील निरोगी तिबेटी पुरुषांच्या फुप्फुसातील रक्तदाब जवळपास सपाटीवरील माणसाइतकाच असल्याचे १९९३ साली दिसून आले. पिढ्यान्‌पिढ्या पठारावर राहणाऱ्या माणसाने आणि याकने एकाच प्रश्नाला सारखे उत्तर शोधलेले दिसते.

सपाटीवरील रुग्णालयांतही हा प्रश्न रोज भेटतो. जन्मानंतर फुप्फुस-धमन्या न उघडलेली नवजात बालके अतिदक्षता विभागात दाखल होतात. त्यांना श्वासावाटे नायट्रिक ऑक्साइड देण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. याकच्या वासराला जन्मजात साधते, ते येथे यंत्राच्या साहाय्याने साधावे लागते.

उंचीचे वरदान, उष्म्याचे संकट

भारतातील याकांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ७७ हजार होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ५८ हजारांवर आली. लडाख, हिमाचल प्रदेश, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशातील पशुपालकांची नवी पिढी कुरणांकडे पाठ फिरवते आहे. १९६२ नंतर तिबेटशी असलेली ये-जा थांबल्याने तिकडून नवे वळू येणे बंद झाले आणि लहान कळपांत निकटच्या नात्यातील संकर वाढला. दुधासाठी गाईशी संकर करण्याकडेही कल आहे. पहिल्या पिढीत तो लाभाचा ठरतो. पुढील पिढ्यांत मात्र काय निसटू शकते, हे स्तोलच्या उदाहरणावरून दिसलेच आहे. अरुणाचल प्रदेशातील दिरांग येथे १९८९ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय याक संशोधन केंद्र याकची पैदास आणि संगोपन यांवर काम करीत आहे.

त्यातच हवामान बदलते आहे. याकच्या अंगावर दाट लोकर असते आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे नगण्य आहे. अंगातील उष्णता कमी करण्यासाठी त्याला मुख्यतः श्वासावरच अवलंबून राहावे लागते. तापमान सुमारे १३ अंश सेल्सियसच्या पुढे गेले की त्याचा श्वास जलद होऊ लागतो. विसाच्या आसपास तो चरणे सोडून सावली किंवा पाणी शोधतो. उबदार होत चाललेल्या कुरणांवर तो आणखी वर सरकतो. पण वर चारा कमी असतो आणि शिखराच्या पलीकडे सरकायला जागा नसते.

प्राणवायूच्या टंचाईवर मात करायला याकच्या फुप्फुसाला लाखो वर्षांचा अवधी मिळाला. वाढत्या उष्म्याशी जुळवून घ्यायला तेवढी उसंत मिळेल, अशी चिन्हे नाहीत. विरळ हवेत पहिला श्वास सहज घेणारे वासरू हे उत्क्रांतीच्या दीर्घ तपश्चर्येचे फळ आहे. शुद्ध वंशाचे कळप, नव्या रक्ताचे वळू आणि उंच कुरणे टिकली, तरच ते फळ पुढील पिढ्यांच्या हाती लागेल.